मालमत्ता एजंटाविरुद्ध तक्रार कशी करावी: गोव्यात प्रथमच या वाटेला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

गोव्यात फ्लॅट, जुने घर किंवा भूखंड यांचा व्यवहार एजंट मध्ये असल्याशिवाय क्वचितच पार पडतो, आणि बहुतेक एजंट आपले काम सरळपणे करतात. मात्र व्यवहार बिघडला की सामान्य माणूस एकतर गप्प बसतो किंवा रागाच्या भरात एकाच वेळी पोलीस, पंचायत, रेरा (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) आणि समाजमाध्यमे अशा सगळीकडे धाव घेतो. या धावाधावीत महिने निघून जातात, आणि प्रत्येक कार्यालयातून ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून तक्रारीचा कागद लिहायला घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे स्वतःशी निश्चित करावीत: एजंटाने नेमके काय चुकीचे केले, आणि आपल्याला त्यातून नेमके काय हवे आहे.

पहिली पायरी: तक्रार कोणत्या जातीची आहे ते ठरवणे

एजंटाविरुद्धच्या तक्रारी ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार वर्तनाचा असतो: खोटी माहिती देणे, कागद दडवणे, दोन्ही पक्षांकडून दलाली घेऊन ते न सांगणे, नोंदणी नसताना प्रकल्पातील घरे विकणे. येथे मागणी शिस्तभंगाच्या कारवाईची, म्हणजे दंडाची किंवा नोंदणी रद्द करण्याची असते. दुसरा प्रकार पैशांचा असतो: टोकन परत न देणे, ठरल्यापेक्षा जास्त कमिशन मागणे, सेवा न देता पैसे घेणे. तिसरा प्रकार गुन्ह्याचा असतो: बनावट कागद, दुसऱ्याची जमीन आपली म्हणून दाखवणे, मुळातच फसवण्याच्या हेतूने पैसे उकळणे.

एकाच घटनेत हे तिन्ही प्रकार मिसळलेले असू शकतात, पण त्यांची दारे वेगळी आहेत. रेराने एजंटाला दंड केला तर तो दंड शासनाच्या खात्यात जमा होतो, तक्रारदाराच्या हाती येत नाही. ही गोष्ट पुष्कळांना निकालाच्या दिवशी कळते आणि मग त्यांची निराशा होते. ज्याला पैसे परत हवे आहेत त्याने ती मागणी पहिल्याच दिवशी योग्य ठिकाणी, स्पष्ट शब्दांत मांडावी.

दुसरी पायरी: एजंट नोंदणीकृत आहे का आणि मालमत्ता कोणत्या प्रकारची आहे

स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा, २०१६, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला रेरा कायदा, एजंटाची व्याख्या बरीच व्यापक करतो. प्रकल्पातील घर किंवा भूखंड यांच्या विक्रीसाठी ग्राहक आणि विक्रेता यांची कोणत्याही माध्यमातून गाठ घालून देऊन त्याचा मोबदला घेणारा प्रत्येक जण, मग त्याला दलाल म्हणा, ब्रोकर म्हणा किंवा सल्लागार म्हणा, या व्याख्येत बसतो. कलम ९ नुसार नोंदणी असलेल्या प्रकल्पातील व्यवहार करण्यासाठी एजंटाने स्वतःचीही नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि जुळवून दिलेल्या प्रत्येक विक्रीत आपला नोंदणी क्रमांक नमूद केला पाहिजे.

ही नोंदणी राज्यापुरती असते. मुंबई, पुणे, दिल्ली येथून आसगाव, शिवोली, साळगाव किंवा पेडणे परिसरातील बंगल्यांची जाहिरात करणारे अनेक एजंट आपल्या राज्याचा क्रमांक दाखवतात. तो गोव्यातील प्रकल्पासाठी चालत नाही. गोवा रेराचे कार्यालय पणजीत पाटो येथे आहे आणि त्याच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची व प्रकल्पांची यादी पाहता येते. क्रमांक तोंडी विचारून थांबू नये. यादीतील नाव, पत्ता आणि मुदत स्वतः पडताळून त्या पानाची प्रत जपून ठेवावी.

यापुढचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रेरा कायदा प्रकल्पांपुरता आहे. वाडवडिलांचे जुने घर, सुटा भूखंड, किंवा भाड्याने घेतलेली खोली यांच्या व्यवहारातील एजंटाविरुद्ध रेराकडे गेल्यास तक्रार कक्षेबाहेर म्हणून फेटाळली जाण्याची मोठी शक्यता असते. शिवाय ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात ८ पेक्षा जास्त घरे नाहीत, त्याला नोंदणीतून सूट आहे, आणि गोव्यात असे लहान प्रकल्प पुष्कळ आहेत. अशा वेळी ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय हीच वाट उरते.

तिसरी पायरी: एजंटाचे कर्तव्य काय होते ते कायद्याच्या भाषेत ओळखणे

‘त्याने आम्हाला नीट वागवले नाही’ हे तक्रारीचे कारण होऊ शकत नाही. कोणते कर्तव्य मोडले हे दाखवावे लागते. रेरा कायद्याचे कलम १० या बाबतीत अगदी सुस्पष्ट आहे. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर एजंटाने विकू नये. हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात. स्वतःकडे किंवा विकासकाकडे नसलेली मंजुरी आहे असे तोंडी, लेखी किंवा चित्रांतून भासवू नये. जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात करू नये. आणि घर नोंदवताना ग्राहकाला जी माहिती व जे कागद मिळण्याचा हक्क आहे ते सर्व मिळवून द्यावेत. कलम ९ किंवा १० मोडल्यास, उल्लंघन चालू असलेल्या प्रत्येक दिवसाला १०,००० रुपये आणि एकूण मिळून त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

गोव्यात खोटेपणा बहुधा जमिनीच्या कागदांभोवती असतो. ‘सनद झालेली आहे’, ‘सेटलमेंट झोन आहे’, ‘एक-चौदा स्वच्छ आहे’ ही तीन वाक्ये प्रत्येक एजंटाच्या तोंडी असतात. सनद म्हणजे जमिनीच्या बिगरशेती वापराची परवानगी, सेटलमेंट झोन म्हणजे वस्तीसाठी ठरवलेला भाग, आणि एक-चौदा म्हणजे जमिनीचा मालक व कूळ दाखवणारा उतारा. एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे का, घरात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरील घरात राहण्याचा हक्क असलेला रहिवासी) राहतो का, जमीन कोमुनिदादीची (गावकऱ्यांच्या सामाईक मालकीच्या संस्थेची) आहे का, सनद नेमक्या किती क्षेत्राची आहे, हे सगळे कागदावर पाहता येते. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याच्या नावे करण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यानुसार विवाहित मालकाच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला सामान्यतः जोडीदाराचीही सही लागते. यांतील एखादी गोष्ट एजंटाला ठाऊक होती आणि त्याने ती दडवली, हे दाखवता आले तर तक्रारीला खरे बळ येते. ती त्यालाही ठाऊक नव्हती असे दिसले, तर तो निष्काळजीपणा ठरेल, फसवणूक ठरणार नाही. हा फरक तक्रार लिहिताना प्रामाणिकपणे पाळावा.

रेराच्या बाहेरच्या व्यवहारांना भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो, आणि आपल्याकडे त्याचा उपयोग फार कमी केला जातो याची मला खंत वाटते. कलम २१३ नुसार मालकाने मागितल्यावर एजंटाने हिशेब दिलाच पाहिजे. कलम २२० नुसार ज्या कामात एजंटाने गैरवर्तन केले त्या कामाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाही. म्हणजे ‘कमिशन आधी द्या, तक्रार मग करा’ असे म्हणणाऱ्याला कायद्यातच उत्तर आहे.

मुखत्यारपत्र देणाऱ्या घरमालकांसाठी

तक्रारदार नेहमी खरेदीदारच असतो असे नाही. मुले परदेशी, घर बार्देश किंवा सासष्टीच्या एखाद्या वाड्यावर बंद, आणि म्हातारे आईवडील एजंटाच्या नावे मुखत्यारपत्र लिहून देतात, हे चित्र गोव्याला नवे नाही. पुढे तोच एजंट आपल्या नातेवाइकाच्या नावे ते घर पडेल भावात घेतो आणि वर्षभरात दुप्पट किमतीला विकतो. अशा व्यवहारासाठी करार कायद्याची कलमे २१५ व २१६ आहेत. मालकाची संमती न घेता एजंटाने स्वतःच्या फायद्यासाठी व्यवहार केला आणि महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे दडवली किंवा मालकाचे नुकसान केले, तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो. तसेच मालकाच्या नकळत एजंटाने मिळवलेला लाभ त्याच्याकडून मागता येतो.

संशय येताच प्रथम मुखत्यारपत्र रद्द करावे. रद्द केल्याचा लेख नोंदवावा, त्याची प्रत एजंटाला पोच मिळेल अशा रीतीने पाठवावी, सब-रजिस्ट्रार कार्यालयाला कळवावे आणि स्थानिक वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी. हे सर्व तातडीने करण्याचे कारण असे की, अधिकार संपल्याची गोष्ट एजंटाला व त्रयस्थांना ज्या क्षणी कळते त्या क्षणापासूनच तिचा त्यांच्यावर परिणाम होतो. विक्रीखत आधीच झाले असेल तर ते रद्द करून घेण्यासाठी दिवाणी दावा लागतो, आणि त्याची मुदत वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांची असते. येथे वकील हवाच. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक व मर्यादित उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळू शकतो.

चौथी पायरी: पुरावा गोळा करणे

भांडण सुरू झाल्यावर संदेश पुसले जातात, जाहिराती काढून टाकल्या जातात, फोन बदलले जातात. म्हणून एजंटाला तक्रारीची चाहूल लागण्यापूर्वीच व्हॉट्सअ‍ॅपवरील संपूर्ण संभाषण बाहेर काढून साठवावे; निवडक संदेशांची छायाचित्रे पुरेशी नसतात, कारण मागचापुढचा संदर्भ तुटला की विरुद्ध पक्ष त्यावरच बोट ठेवतो. मूळ फोन विकू नये किंवा पुसून टाकू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्या वेळी मूळ साधन हाताशी असणे फार उपयोगी पडते. जाहिरातीचे पान, माहितीपत्रक, बँकेचा उतारा, टोकनची पावती, जागा दाखवायला नेलेल्या दिवसाची नोंद हे सारे तारखेच्या क्रमाने लावावे.

रोख रकमेच्या बाबतीत अडचण मोठी असते. रोख दिली असेल आणि पावती नसेल, तर ‘मी त्या दिवशी दिलेले दोन लाख टोकन म्हणून जमा धरले आहेत ना?’ असा साधा, शांत संदेश एजंटाला पाठवावा. त्याचे ‘हो’ एवढे उत्तरही पुरावा ठरू शकते.

पाचवी पायरी: लेखी पत्र आणि समेटाचा प्रयत्न

कोणत्याही कार्यालयात जाण्यापूर्वी एजंटाला, आणि तो एखाद्या फर्मसाठी काम करत असेल तर त्या फर्मच्या मालकालाही, एक लेखी पत्र पाठवावे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती ठेवावी आणि त्याची प्रत ईमेलनेही पाठवावी. पुष्कळ वेळा फर्मच्या प्रमुखाला आपल्या हाताखालच्या माणसाने काय केले याची कल्पनाच नसते आणि प्रकरण तेथेच मिटते.

पत्र कसे असावे? ‘आपण आमची घोर फसवणूक करून आम्हास मनस्ताप दिला’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक तारखेला आपण व्हॉट्सअ‍ॅपवर कळविले की, सदर भूखंडाची संपूर्ण सनद झालेली आहे. त्या माहितीवर विसंबून मी त्याच दिवशी आपल्या बँक खात्यात दोन लाख रुपये टोकन म्हणून भरले. जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळवलेल्या प्रतीनुसार सनद केवळ पुढच्या भागापुरती आहे. म्हणून पंधरा दिवसांच्या आत सदर रक्कम परत करावी.’ आरोप, रक्कम, कागद आणि मागणी या चार गोष्टी इतक्या थोडक्यात आल्या की पुढे रेरा, ग्राहक आयोग किंवा पोलीस, कोणाकडेही हाच मजकूर थोड्याफार फरकाने चालतो.

एजंट एखाद्या व्यावसायिक संघटनेचा सदस्य असेल, तर तिची आचारसंहिता व तक्रार समिती आहे का ते विचारावे. संघटना सदस्याला समज देऊ शकते किंवा काढून टाकू शकते. ती नुकसानभरपाई देणारे न्यायालय नव्हे. म्हणून तेथील कार्यवाही चालू आहे या भरवशावर कायद्यातील मुदती उलटू देऊ नयेत. समेटासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्जही करता येतो, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते.

तडजोड झाली तर ती कागदावरच व्हावी. रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि तक्रार केव्हा मागे घ्यायची हे त्यात लिहावे, व शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नये. एजंटाने पुढच्या तारखेचा चेक दिला आणि तो वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवसांची मुदत असते, आणि तीही उलटली की एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. यात एक दिवस चुकला तरी चेकचा धाक कमी होतो.

सहावी पायरी: रेराकडे तक्रार

प्रकल्पातील घराबाबत कलम ३१ खाली कोणतीही बाधित व्यक्ती विकासक, एजंट किंवा घर घेणारा यांच्याविरुद्ध तक्रार करू शकते. विहित नमुना आणि शुल्क संकेतस्थळावर पाहून अर्ज भरावा. वकील सक्तीचा नाही. स्वतः बाजू मांडता येते, किंवा वकील, सनदी लेखापाल, कंपनी सचिव यांना प्रतिनिधी नेमता येते. एजंटाने अजूनही तीच घरे त्याच खोट्या माहितीवर विकणे चालू ठेवले असेल, तर कलम ३६ खाली चौकशी होईपर्यंतच्या अंतरिम मनाईची मागणी तक्रारीतच करावी.

येथे माझा आग्रहाचा सल्ला असा आहे की, विकासकाचा संबंध असेल तर त्यालाही प्रतिवादी करावे. या कायद्यातील नुकसानभरपाईची कलमे मुख्यतः विकासकाच्या जबाबदाऱ्यांवर उभी आहेत. एजंटावर प्रामुख्याने दंड, निर्देश आणि कलम ९ (७) खाली नोंदणी रद्द होणे असे परिणाम होतात. नोंदणीकृत विक्री करार होण्यापूर्वी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेतली असेल, तर ते कलम १३ चे उल्लंघन असून तो विकासकाचा दोष आहे, पैसे एजंटाच्या हातून गेले असले तरी. आदेश मान्य नसल्यास ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते.

सातवी पायरी: ग्राहक आयोग

दलाली घेऊन दिलेली सेवा ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवाच आहे. म्हणून सेवेतील त्रुटीबद्दल आणि अनुचित व्यापार पद्धतीबद्दल एजंटाकडून पैसे परत मिळवण्यासाठी ही वाट सामान्य माणसाला सर्वांत सोयीची वाटते. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने न भागल्यास उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा आयोगाकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करावी. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, अशी विभागणी आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, आणि तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेही ती करता येते. मुंबईत बसून गोव्यात घर घेणाऱ्याला आणि गोव्यात बसून बाहेरच्या एजंटाशी झगडणाऱ्याला, दोघांनाही याचा आधार आहे. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात.

रेरा असताना ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. दोन्ही उपाय उपलब्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाऊ नये. व्यापारी हेतूने, म्हणजे नफ्यासाठी घरे घेऊन विकण्याच्या उद्देशाने केलेला व्यवहार असेल तर आयोगाचे दार बंद असते.

आठवी पायरी: पोलीस

बनावट कागद, तोतया मालक किंवा एकच घर अनेकांना दाखवून प्रत्येकाकडून टोकन घेणे अशा प्रकारांत विलंब न करता पोलिसांकडे जावे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि विश्वासघातासाठी कलम ३१६ आहे. या दुसऱ्या कलमात दलाल व एजंट यांनी केलेल्या विश्वासघाताला अधिक कडक शिक्षा सांगितली आहे. गोव्यात बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याची प्रकरणे इतकी वाढली की २०२२ मध्ये त्यांच्या तपासासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. गुन्हा नोंदवण्यास ठाण्यात नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, आणि त्यानंतरही काही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. व्यवहार केवळ फिसकटला असेल तर मात्र पोलीस ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे म्हणतील आणि ते चूक नसेल. पैसे घेतानाच कबूल केलेले देण्याचा हेतू नव्हता हे दाखवता येते का, यावर सारे अवलंबून आहे.

निकालानंतरची वाट

आदेश हाती आला म्हणजे पैसे आले असे नाही. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ती एजंटाला पाठवावी व मुदत संपेपर्यंत थांबावे. रेराने ठरवलेले व्याज, दंड किंवा भरपाई न दिल्यास ती कलम ४० खाली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. त्यासाठी रेराकडे वसुलीचा अर्ज करावा आणि पुढे महसूल यंत्रणेकडे त्या प्रकरणाचा पाठपुरावा ठेवावा, कारण तो न ठेवल्यास फाईल पडून राहते. ग्राहक आयोगाचा आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्यासाठी अंमलबजावणीचा वेगळा अर्ज त्याच आयोगाकडे द्यावा लागतो. एजंटाने अपील केले असेल, तर जिल्हा आयोगाने ठरवलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम त्याला आधी भरावी लागते. ती भरली आहे का, हे राज्य आयोगाच्या पहिल्याच तारखेला विचारावे.